उलटा धरलेला चिमटा

काळ्याभोर लांब केसांतून पाठीवर उतरणारी मऊ लाट पाहिली की ती जन्मजातच असावी असं वाटतं. काहींची असतेही. पण हौसेने घडवलेल्या लाटेचं कूळ शोधत गेलं तर आपण पोचतो एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, एका तापलेल्या लोखंडी चिमट्यापाशी.

केस कुरळे करायचे चिमटे त्याआधीही होते. गरम दांडीभोवती बट गुंडाळली की तिची घट्ट गुंडाळी होई. फ्रान्स्वा मार्सेल ग्रातो (१८५२–१९३६) या केशरचनाकाराने १८७२ च्या सुमारास तोच चिमटा उलटा धरला. त्याच्या चिमट्याचं एक पातं गोल, दुसरं पन्हळीसारखं खोलगट. बट गुंडाळायचीच नाही; दोन पात्यांत धरून मनगटाच्या हलक्या झोक्याने एकदा इकडे वाकवायची, जरा खाली सरकून एकदा तिकडे. गुंडाळीच्या जागी लाट आली. चिमटा ज्योतीवर तापवायचा आणि केसांना लावण्याआधी कागदावर दाबून बघायचा. कागद करपला तर थांबायचं. उष्णता मोजणारं दुसरं काही नव्हतं. लोक याला चिमट्याचा शोध म्हणतात, मला तो मनगटाचा शोध वाटतो. पुढे विसाच्या दशकात आखूड कापलेल्या केसांवर ‘मार्सेल वेव्ह’ जगभर गाजली, पण ती जन्मली लांब केसांवर.

ही लाट टिकत नसे. ती कायमची करण्याचा ध्यास जर्मनीत जन्मलेल्या कार्ल नेस्लरने घेतला. त्याने प्रयोग केले ते बायकोच्या, कॅथरिना लाइब्लच्या डोक्यावर. पहिल्या दोन खेपांना तिचे केस जळून गेले, टाळूही भाजली. तरी ती पुन्हा बसली. केशभूषेच्या इतिहासात या बाईचं नाव ओझरतं येतं. मला ते नवऱ्याच्या नावाआधी यायला हवं असं वाटतं. लंडनमध्ये वापरात आलेल्या त्याच्या यंत्रात केसांना कॉस्टिक सोडा लावून ते पितळी रुळांवर गुंडाळत. एकेक रूळ जवळजवळ ९०० ग्रॅमचा, असे डझनभर. टाळूला चटका बसू नये म्हणून ते वर झुंबरासारख्या सांगाड्याला वजनांनी तोलून टांगलेले. बैठक सहा तासांची! १९२८ मध्ये मार्जोरी जॉयनर या आफ्रिकी-अमेरिकी सौंदर्यतज्ज्ञ स्त्रीने अनेक दांड्या एकाच वेळी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. त्याचे हक्क मात्र ती जिथे काम करायची त्या मॅडम वॉकर कंपनीकडे गेले.

कायमची लाट केसांतल्या केराटिन या प्रथिनातले गंधकाचे बंध तोडून नव्याने जोडते. चिमट्याची लाट इतक्या खोल जात नाही. ती फक्त हायड्रोजन बंध हलवते, आणि ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात, सुकल्यावर-निवल्यावर पुन्हा जुळतात. ओलसर केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी ज्या लाटा पडतात, त्यांचं कारण हेच. आपल्याकडे हे घरोघरी माहीत आहे, त्याला पॅरिसची गरज पडली नाही. आणि जूनमध्ये मुंबईच्या दमट हवेत तासाभरात लाट ओसरते, तीही याच बंधांमुळे.

काळ्या केसांवर लाट अधिक खुलते, कारण प्रकाश उंचवट्यांवर चमकतो आणि खोलगट भाग गडद राहतो. कृष्णधवल पडद्यावरची मधुबाला आठवा. ही सावली-उजेडाची नक्षी हवी असेल तर बट चिमट्यातून सोडल्यावर लगेच विंचरू नये. पूर्ण निवू द्यावी, मग बोटांनी हलकेच मोकळी करावी. गरम असतानाच कंगवा फिरवला तर बंध वळणात जुळण्याआधीच केस सरळ होतात.