एक शब्द, दोन नाती
सुरतेच्या डिंडोलीत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. तेथे ‘बा’ हा शब्द जपून ऐकावा लागतो. ग्रामीण मराठीत बा म्हणजे बाप, गुजरातीत आई. कस्तुरबांना ‘बा’ म्हणत ते याच अर्थाने. मराठी ‘दादा’ थोरला भाऊ, गुजराती ‘दादा’ आजोबा. ‘ने’ प्रत्यय तर कर्ताच पालटतो : ‘रामाने मारले’ यात राम मारणारा, ‘रामने मार्यो’ यात मार खाणारा. १९५६ ते १९६० या काळात दोन्ही भाषा एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात नांदल्या; अर्थ मात्र वेगळेच राहिले. वारसनोंदीत ‘दादा’ म्हणजे भाऊ की आजोबा, यावर वाटणी फिरू शकते. म्हणून कागदावर संबोधन नव्हे, नाते लिहावे, असे आम्हांस वाटते.