खानेसुमारीतला गैरहजर खलाशी

आपल्या जुन्या दप्तरातला 'खानेसुमारी' हा शब्द फारसीतून आला आहे. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे गणती. शब्दातच प्रशासनाचे एक गृहीतक आहे: माणूस मोजायचा तर तो घरी सापडला पाहिजे. शेतकरी सापडतो, कारकूनही सापडतो. खलाशी मात्र बहुधा सापडत नाही. म्हणूनच दर्यावर्दी घराण्याचा माग जनगणनेच्या जुन्या कागदांतून काढू पाहणाऱ्यास नोंदींइतक्याच रिकाम्या जागाही वाचाव्या लागतात.

अशा शोधाची उत्तम सोय ब्रिटनमध्ये आहे. तेथे दशवार्षिक गणना १८०१ पासून होत असली, तरी घरोघरच्या माणसांची नावे देशभर नोंदवून ती जपली गेली १८४१ पासून. ६ जून १८४१ च्या रात्रीची ही नोंद त्रोटक आहे. पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेले. जन्मस्थान म्हणून त्याच परगण्यातला की बाहेरचा, एवढेच. बंदरातल्या एखाद्या घरात बाई आणि चार मुले दिसतात, पुरुष नाही. तो वारला की समुद्रावर आहे, हे वही सांगत नाही.

१८५१ पासून चित्र स्पष्ट होते. कुटुंबप्रमुखाशी नाते, वैवाहिक स्थिती, नेमके वय आणि जन्मगाव असे रकाने आले. आता घराच्या यादीत पहिलेच नाव बाईचे, त्यापुढे नाते 'पत्नी' आणि व्यवसाय 'खलाशाची बायको', अशा नोंदी भेटतात. पती यादीत नाही, तरी त्याचे अस्तित्व या दोन शब्दांतून सिद्ध होते. मुलांची वये पाहावीत. नऊ, सहा आणि दोन अशी अंतरे असतील तर बापाच्या लांब सफरींचा तर्क करता येतो. मुलांची जन्मगावे वेगवेगळी असतील तर कुटुंबाने बंदर कधी बदलले ते कळते. मात्र अशा तर्कात एक धोका आहे. दोन मुलांमधले मोठे अंतर सफरीमुळे पडले की मधले मूल दगावल्यामुळे? १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली, किती जिवंत आहेत आणि किती वारली, असे विचारले होते. तिथे अनेकदा आधीचा तर्क मोडतो.

नवरा शोधायचा तर दुसरीकडे जावे लागते. बंदरातल्या जहाजांसाठी स्वतंत्र पत्रके होती. ती कप्तानाने भरायची असत, आणि १८६१ पासूनची बरीचशी टिकली आहेत. त्यामुळे एकाच रात्री बायको एका गावात आणि नवरा दुसऱ्याच बंदरात नांगरलेल्या जहाजावर, असा संसार दोन कागदांवर सापडू शकतो. नावे सर्रास सारखी असल्याने वय, जन्मगाव आणि वैवाहिक स्थिती जुळवून पाहावी लागते. शंका उरलीच तर जहाजांच्या नोकरनाम्यांकडे वळावे. त्यांत खलाशाचे आधीचे जहाजही लिहिलेले असते.

या नोकरनाम्यांची कथा प्रशासकाने ऐकण्यासारखी आहे. कागद इतके साठले की सगळे ठेवणे लंडनला जड झाले. १८६१ नंतरच्या कागदांतला सुमारे दशांश नमुना राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवला. ज्या वर्षांच्या शेवटी पाच आहे त्यांचे बहुतेक कागद ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेले, आणि उरलेल्यांपैकी मोठा भाग अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाने जपला. प्रत्यक्ष गणनेच्या कागदांचेही नशीब सारखे नाही. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पत्रके डिसेंबर १९४२ च्या आगीत गेली. १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. आयर्लंडची १८६१ ते १८९१ या चार गणनांची पत्रके तर सरकारनेच नष्ट केली. पणजोबा सापडणे हे असे कोण्या अधिकाऱ्याच्या एका शेऱ्यावर अवलंबून असते.

याच ब्रिटिश जहाजांवर आपलीही माणसे होती. रत्नागिरीकडचे डेकवरचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे मुंबई बंदरातून लंडनला जात. 'लास्कर' म्हणून त्यांचे नोकरनामे वेगळे असत आणि पगार गोऱ्या खलाशांहून पुष्कळ कमी. गणनेच्या रात्री जहाज ब्रिटिश गोदीत असेल तर त्यांची नावे तिथल्या पत्रकात चढत. पण ती परक्या कानाने ऐकलेली, आणि जन्मस्थान म्हणून गावाऐवजी नुसते 'बॉम्बे'. अशा नोंदीवरून राजापूर की दापोली, हे कसे ठरवावे?

मग भारतातल्या गणनेचे काय? देशभर एकाच वेळी झालेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. पुढच्या २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१ आणि १० मार्च १९११ च्या. कोकणातल्या वाचकाच्या लगेच लक्षात येईल की या साऱ्या तारखा नारळी पौर्णिमा आणि आगोट यांच्या मधल्या, म्हणजे गलबते पाण्यात असण्याच्या हंगामातल्या आहेत. मालवण-वेंगुर्ल्याचा गाबीत तांडेल त्या रात्री घरी असण्याचा संभव कमीच. बंदरांतल्या बोटींवर गणना होत असे खरी. पण कोष्टके तयार झाल्यावर घरोघरची पत्रके आपल्याकडे जपली गेली नाहीत. उरले ते आकडे. रत्नागिरी जिल्ह्यात गणनेमागून गणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दिसतात. त्या तफावतीतले पुष्कळ पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते, काही समुद्रावर. 'खलाशाची बायको' आपल्याकडे अशी नाव गमावून एका बेरजेत विरून गेली.

१९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ गणनेचे कागद पाहण्यास व पुराव्यात आणण्यास मनाई करते. हे योग्यच आहे. विश्वासाशिवाय कोणी खरे सांगणार नाही. कुटुंबाच्या नोंदीला किती वजन येऊ शकते, हे आसामने पाहिले. तेथे १९५१ च्या गणनेच्या आधारे केलेली नागरिक नोंदवही पुढे नागरिकत्व पडताळणीचा एक आधार ठरली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीबाहेर १९ लाखांवर माणसे राहिली. पण गुप्तता आणि विनाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनने १९२१ चे कागद शंभर वर्षे कुलपात ठेवले आणि जानेवारी २०२२ मध्ये खुले केले. आपल्या पुढच्या गणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ अशी अधिसूचित झाली आहे, आणि ती डिजिटल पद्धतीने व्हायची आहे. जागेची जुनी सबब आता पुरणार नाही. शंभर वर्षांच्या कुलपाचा विचार आपणही करावा.

तोवर घराण्याचा माग काढणाऱ्यांनी ट्रंकेतला खलाशाचा सीडीसी टाकून देऊ नये. गोवेकरांनी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी आणि मुंबईतल्या कुडांची दप्तरे पाहावीत. आणि मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये एकदा जावे. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज ज्यांना थडगे लाभले नाही, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मारक आहे. खानेसुमारीत न सापडलेल्या एखाद्या पणजोबांचे नाव त्या यादीत असू शकेल.