मालिन फाल्केनमार्क

मालिन फाल्केनमार्क (जन्म : २१ नोव्हेंबर १९२५, मृत्यू : डिसेंबर २०२३) या स्वीडिश जलशास्त्रज्ञ होत्या. दरडोई उपलब्ध पाण्यावरून एखाद्या देशाची जलस्थिती ठरविणारा ‘फाल्केनमार्क निर्देशांक’ त्यांच्या नावाने ओळखला जातो. अवर्षण, दुष्काळ आणि पाणीटंचाई हे शब्द व्यवहारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु पाणी कमी पडण्याची कारणे निरनिराळी असतात आणि कारण ओळखल्यावाचून केलेला उपाय वाया जातो, हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होते.

प्रारंभीचे कार्य

फाल्केनमार्क यांचे शिक्षण उप्साला विद्यापीठात झाले. स्वीडनच्या हवामान व जलशास्त्र संस्थेत काम करताना त्यांनी गोठलेल्या तळ्यांवरील बर्फ किती भार पेलू शकतो, याचा अभ्यास केला. पुढे कोरड्या प्रदेशांच्या प्रश्नाला आयुष्य वाहणाऱ्या संशोधिकेची सुरुवात बर्फापासून व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे. १९६५ ते १९७४ या आंतरराष्ट्रीय जलशास्त्रीय दशकात त्या स्वीडनच्या राष्ट्रीय समितीचे काम पाहत होत्या. त्या निमित्ताने जगभरातील जलस्थितीशी त्यांचा परिचय झाला. गुन्नार लिंड यांच्यासह लिहिलेला ‘वॉटर फॉर अ स्टार्व्हिंग वर्ल्ड’ हा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये त्यांची उपयोजित व आंतरराष्ट्रीय जलशास्त्राच्या प्राध्यापकपदी नियुक्ती झाली.

टंचाईचे चार प्रकार

१९८४-८५ च्या इथिओपियातील भीषण दुष्काळानंतर आफ्रिकेच्या अन्नटंचाईची चर्चा जगभर सुरू झाली. तिच्यात पाण्याचा विचार मात्र अभावानेच होत होता. फाल्केनमार्क यांनी १९८९ मध्ये ‘अँबिओ’ या नियतकालिकातील लेखात याविषयी थेट प्रश्न उपस्थित केला. बारमाही पावसाच्या समशीतोष्ण देशांतील तज्ज्ञांना पाणी गृहीत धरण्याची सवय असते, त्यामुळे कोरड्या मुलखाची अडचण त्यांच्या ध्यानात येत नाही, असे त्यांचे मत होते. या वृत्तीला त्या ‘जलांधत्व’ म्हणत.

त्यांनी टंचाईचे चार प्रकार मानले. पहिला, कोरड्या हवामानामुळे पिकांचा हंगाम मुळातच आखूड असणे. दुसरा, अधूनमधून पाऊस दगा देणे, म्हणजेच अवर्षण. हे दोन्ही निसर्गाच्या हातचे आहेत. तिसरा प्रकार जमीन शुष्क होण्याचा आहे. झाडोरा नाहीसा झाला, जमिनीची धूप झाली आणि वरचा थर कडक झाला की पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. पाऊस सरासरीइतका पडूनही पीक वाळते आणि लोक त्याला दुष्काळ म्हणतात. चौथा प्रकार लोकसंख्येमुळे उद्भवतो. पाणी तेवढेच राहते, वाटेकरी वाढतात. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांना माणूस कारण असतो. चारही प्रकार एकाच प्रदेशात एकत्र आले, तर एखादे कोरडे वर्षही उपासमारीला पुरेसे ठरते.

निर्देशांक

चौथा प्रकार मोजण्यासाठी त्यांनी वर्षाला १० लाख घनमीटर वाहते पाणी हे एकक धरले आणि त्यावर किती माणसे अवलंबून आहेत, ते पाहिले. पुढे हेच गणित उलटे, म्हणजे दरडोई घनमीटरमध्ये मांडण्याची पद्धत रूढ झाली. वर्षाला दरडोई १,७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असल्यास जलताण, १,००० पेक्षा कमी असल्यास टंचाई आणि ५०० पेक्षा कमी असल्यास तीव्र टंचाई मानली जाते. भारतात शासकीय पातळीवर याच मर्यादा वापरल्या जातात. देशातील दरडोई उपलब्धता २००१ मध्ये १,८१६ घनमीटर होती. २०११ मध्ये ती १,५४५ घनमीटरवर आली. म्हणजे या दहा वर्षांत भारत जलताणाच्या रेषेखाली गेला.

निर्देशांक समजण्यास सोपा असल्यामुळेच त्याचा प्रसार झाला, आणि त्याच्या मर्यादाही या सोपेपणातच आहेत. देशाच्या सरासरीत ब्रह्मपुत्रेचा पूर आणि माणदेशातील कोरडे ओढे एकत्र मिसळतात. पावसाळा व उन्हाळा यांतील फरकही त्यात दिसत नाही. पाणी असूनही ते लोकांपर्यंत पोहोचविण्याची ऐपत नसणे ही स्थितीही त्यात बसत नाही. ‘आर्थिक जलटंचाई’ ही संकल्पना पुढे आली ती याच कारणाने.

हिरवे पाणी

आणखी एक उणीव अशी, की निर्देशांकात केवळ नद्या, तलाव आणि भूजल यांचे पाणी मोजले जाते. ही उणीव भरून काढणारी मांडणी खुद्द फाल्केनमार्क यांनीच १९९५ मध्ये केली. नदी-विहिरींतील पाण्याला त्यांनी ‘निळे पाणी’ म्हटले, तर जमिनीत ओल म्हणून राहून वनस्पतींवाटे हवेत परतणाऱ्या पाण्याला ‘हिरवे पाणी’. जगाच्या भूभागावर वर्षाकाठी सुमारे १ लाख १० हजार घनकिलोमीटर पाऊस पडतो. त्यातील पाचांपैकी सुमारे तीन हिस्से या दुसऱ्या प्रकारचे असतात. धरणे आणि कालवे यांभोवती फिरणाऱ्या जलनियोजनात या मोठ्या हिश्श्याचा हिशेबच नव्हता.

योहान रॉकस्ट्रोम यांच्यासह २००४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला. एका माणसाच्या पुरेशा आहारासाठी वर्षाला सुमारे १,३०० घनमीटर पाणी लागते, असा त्यांचा अंदाज होता. रोज १०० लिटर घरगुती वापर धरला, तर वर्षाचे ३६.५ घनमीटर होतात. दोहोंतील अंतर यावरून लक्षात यावे. जगातील बहुतांश पीकक्षेत्र पावसावर अवलंबून असल्याने तेथे ओल धरून ठेवणे, धूप थांबविणे आणि पावसाच्या खंडात एखादे संरक्षक पाणी देणे यांवर त्यांचा भर होता. बांधबंदिस्ती, शेततळे आणि पाणलोट विकास ही महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या परिचयाची कामे याच हिशेबात बसतात.

सन्मान

१९९१ मध्ये सुरू झालेल्या स्टॉकहोम जलपरिषदेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रातील जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांना १९९३ मध्ये मिळालेला स्टॉकहोम जल पुरस्कार याच शहरात दिला जातो. फाल्केनमार्क यांना १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय जलशास्त्र पुरस्कार आणि व्होल्वो पर्यावरण पुरस्कार, तर २०१८ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, जपानचा ब्लू प्लॅनेट पुरस्कार मिळाला.