छेदातील करणी

नायगाव तालुक्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे गणित शिकवले. नववीच्या बीजगणितात ‘छेदाचे परिमेयीकरण’ येते. एका चाचणीत एका मुलीने १/√३ हे उत्तर तसेच सोडले, म्हणून मी तिचा एक गुण कापला. ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, “सर, हे आन् √३/३ एकच हाय ना? मग माझं चुकलं काय?” मी म्हणालो, “छेदात करणी ठेवायची नाही. नियम आहे.” ती गप्प जागेवर जाऊन बसली.

नियम खरा होता, पण तिने नियम विचारला नव्हता, कारण विचारले होते. निवृत्तीनंतर जुने गणितग्रंथ वाचताना तो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला.

त्याचे पहिले उत्तर व्यवहारातले आहे. कागद-पेन्सिल घेऊन १ ला १.७३२ ने भागून पाहा. भाजक चार अंकी, प्रत्येक पायरीला अंदाज बांधावा लागतो. √३ ची किंमत आणखी एका अंकापर्यंत घ्यायची ठरवली, की भाजकच बदलतो आणि सगळा भागाकार पहिल्यापासून करावा लागतो. उलट १.७३२ ला ३ ने भागणे तोंडी होते: सुमारे ०.५७७. पुढचे अंक मिळाले, तर तोच भागाकार पुढे चालू ठेवता येतो.

पण ही युक्ती दशांश चिन्हापेक्षा कितीतरी जुनी आहे. शुल्बसूत्रांत ती दोरीच्या मापात सापडते. ‘करणी’ हा आपल्या पाठ्यपुस्तकातील शब्दही तिथलाच. चौरस ‘करणारी’ ती करणी, म्हणजे चौरसाची बाजू. त्रिकरणी ही तिप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू, आजच्या भाषेत √३. तृतीयकरणी ही एक तृतीयांश क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू, म्हणजे १/√३. सौत्रामणी यागाची वेदी महावेदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणून हे माप लागत असे. ते काढण्याची रीत बौधायन आणि आपस्तंब या दोघांनीही दिली आहे. तिप्पट चौरस घ्यायचा आणि त्याचे नऊ समान चौरस करायचे. प्रत्येकाचे क्षेत्रफळ तीन नवमांश, म्हणजेच एक तृतीयांश; आणि बाजू त्रिकरणीचा तिसरा भाग. म्हणजे १/√३ = √३/३. दोरीला √३ ने भागता येत नाही. तिचे तीन सारखे भाग मात्र घडी घालूनही करता येतात.

छेदात दोन पदे आली, की अडचण वाढते. √१८ + √३ ने भागायला सुरुवात तरी कुठून करायची? ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त रीत सांगितली: भाजकातील एका करणीचे चिन्ह उलटे करून जी राशी मिळेल, तिने भाज्य व भाजक दोन्ही गुणावेत, भाजकात एकच पद उरेपर्यंत हे करीत राहावे. आपण हिलाच ‘अनुबद्ध जोडी’ने गुणणे म्हणतो.

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (शके १०७२, सन ११५०) ‘बीजगणित’ हा भाग आहे. त्यातील उदाहरणात भाज्य ३ + √४५० + √७५ + √५४ आणि भाजक √१८ + √३ आहे. दोन्ही √१८ − √३ ने गुणले, की भाजक १८ − ३ = १५ होतो. भाज्याच्या बऱ्याच पदांची काटाकाट होऊन ७५ + १५√३ उरते. भागाकार ५ + √३. भास्कराचार्य सगळेच करणीरूपात ठेवतात: १५ ऐवजी करणी २२५, वर करणी ५६२५ व ६७५, भागल्यावर करणी २५ आणि ३. वाचकांनी पडताळून पाहावे.

भास्कराचार्य म्हटले, की आपल्याला चाळीसगावजवळचे पाटणे आठवते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख तिथे आहे. पण या परंपरेचा एक धागा आमच्या मराठवाड्यातही आहे. गोदाकाठचे पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी, असे अभ्यासक मानतात. तिथल्या ज्ञानराजांनी १५०३ साली ‘सिद्धांतसुंदर’ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ साली भास्करांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. साहित्याचे वाचक त्यांना वेगळ्या कारणाने ओळखत असतील: सुलट वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा सांगणारे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ त्यांचेच. तीच गोदावरी पुढे नांदेडला येते. मी मात्र करणी शिकवताना पाथरीचे नाव वर्गात एकदाही घेतले नाही.

आज गणकयंत्रामुळे पहिले कारण संपले आहे. दुसरे उरते. १/(√३ − √२) आणि √३ + √२ ही एकच संख्या आहे, हे नुसते पाहून कळत नाही. परिमेयीकरण केल्यावर कळते. दोन उत्तरे ताडून पाहायची, तर दोन्ही एका रूपात आणावी लागतात. छेदातली करणी हा दोष नव्हे; ती काढणे ही सोय आहे.

हे त्या मुलीला तेव्हाच सांगायला हवे होते. आणि √३/३ हे तेच उत्तर आहे, हे तिने स्वतःच ओळखले होते. तो गुण मी कापायला नको होता.