पाण्याखालची नजर

श्रोतेहो, आपला धाराशिव जिल्हा समुद्रापासून दूर. भूम-परंड्याकडच्या माणसाला पाणी म्हणजे विहिरीचे, बारवेचे. नळदुर्गकडच्याला फार तर बोरी नदीचे. पण विहिरीत पोहरा पडला, गळालाही लागला नाही, की गावातला कोणी पटाईत गडी बुडी मारून तो काढतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर आल्यावर त्याला विचारावे, "दिसलं का रे खाली?" तो हसून म्हणतो, "दिसतंय कुठलं! हातानं चाचपलं." आता या गड्याचे डोळे बाहेर तर ठणठणीत असतात. मग पाण्यात त्यांना काय होते?

आपल्या डोळ्याच्या पुढच्या बाजूस काचेसारखा पारदर्शक, फुगीर पडदा असतो. हवेतून आलेला प्रकाश त्यात शिरताना वाकतो. प्रकाश एकत्र आणण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम हा पडदाच करतो, उरलेले आतले भिंग करते. पण हा पडदा आणि पाणी, दोघांची घनता प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ सारखी. त्यामुळे पाण्यात प्रकाश वाकतच नाही आणि सगळे धूसर होते. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने या गोष्टीचा मोठा चतुर उपयोग केला. पाण्याने भरलेली, पुढे भिंग बसवलेली नळी त्याने स्वतःच्या डोळ्याला लावली आणि पडद्याचे काम बंद पाडले. तरीही जवळचे आणि दूरचे पाहण्याची डोळ्याची शक्ती शिल्लक राहिली. ती आतल्या भिंगाची आहे, हे त्याने 1801 साली छापून सांगितले.

सवयीने यात काही फरक पडतो काय? थोडा पडतो. थायलंडच्या सुरिन बेटांवर मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक राहतात. त्यांची मुले शिंपले वेचायला उघड्या डोळ्यांनी बुड्या मारतात. स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी 2003 साली दाखवले की, या मुलांना पाण्याखाली युरोपातल्या मुलांच्या दुप्पट बारीक दिसते, कारण ती बाहुली अगदी लहान करतात. पण तेही हवेतल्या इतके स्वच्छ नव्हेच.

खरा उपाय एकच, डोळ्यापुढे हवेचा थर ठेवणे. जपानमधल्या बुड्या मारणाऱ्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काचेचे चष्मे बांधू लागल्या. पण दहा मीटर खोल गेले की दाब दुप्पट होतो आणि चष्म्यातली हवा आकसते. नाक बाहेर असल्याने आत हवा सोडता येत नाही, डोळे ओढले जातात, रक्ताळतात. म्हणून नाकासकट झाकणारा मुखवटा आला. नाकाने थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. 1943 साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि सामान्य माणसालाही समुद्राचा तळ पाहण्याची वाट मोकळी झाली.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला मुळातच चष्मा आहे त्याने काय करावे? नेहमीचा चष्मा मुखवट्यात चालत नाही. त्याच्या दांड्या रबराच्या कडेखालून जातात आणि तेथून पाणी आत शिरते. म्हणून काही मुखवट्यांत साध्या काचेच्या जागी नंबराची तयार काच बसवतात. ती बहुधा अर्ध्या अर्ध्या नंबराच्या अंतराने मिळते. सिलिंडरचा नंबर असेल, तर भिंग मुद्दाम घासून काचेला आतून चिकटवून घ्यावे लागते. ज्याला चाळिशी लागली आहे, त्याच्यासाठी खालच्या बाजूस जवळच्या नंबराचा लहान तुकडा लावतात.

तिसरी वाट डोळ्यात बसणाऱ्या भिंगाची. ओटो विख्टर्ले या चेक शास्त्रज्ञाने 1961 च्या नाताळात मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र केले, आणि त्यावर मऊ भिंगे तयार केली. पाणबुड्याला अशी मऊ भिंगे सोयीची. जुन्या कडक भिंगाखाली वर येताना हवेचे बुडबुडे धरतात आणि नजर धूसर होते. मात्र मुखवट्यात पाणी शिरले तर डोळे मिटावेत, आणि वापरलेले भिंग त्याच दिवशी टाकून द्यावे हे बरे. विहिरी-तळ्याच्या पाण्यातले जंतू भिंगाखाली राहिले, तर डोळा जाण्यापर्यंत पाळी येते.

मंडळी, हे सारे सांगण्याचे कारण आहे. आज आपल्याकडची मुले सहलीला मालवण-तारकर्लीला जातात आणि तेथे समुद्रात बुडी घेतात. पुष्कळजण लाजेने चष्म्याची गोष्ट बोलतच नाहीत. मुखवट्यातून वस्तू एक-तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून बारीक नंबराच्या माणसाचे निभावते. पण मोठ्या नंबराच्या माणसाचे काय? पाण्याखाली बोलता येत नाही. सगळा व्यवहार हाताच्या खुणांवर आणि नळकांड्यात हवा किती उरली हे दाखवणाऱ्या काट्यावर चालतो. सोबत्याची खूण दिसली नाही, काटा वाचता आला नाही, तर जिवाशी गाठ आहे.

तेव्हा शिक्षकांनी वर्गात पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल तिरपी ठेवून प्रकाशाचे वाकणे जरूर दाखवावे, आणि सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एवढे विचारावे, "तुझा नंबर किती, बाळ?" आणि जो आकडा तो सांगेल, तो बुडीआधी तेथल्या शिकवणाऱ्याच्याही कानावर घालावा.