वंशांपासून राज्यापर्यंत : इस्राएलात शासन कसे उभे राहिले

निवडणुका आल्या, अथवा एक शासन जाऊन दुसरे आले, की आपल्या मंदिरांतील उपदेशांत शास्त्रातील दोन उतारे हमखास ऐकू येतात. कोणी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडून राजसत्ता ही देवाला नाकारण्याचीच एक रीत होय असे सांगतो; कोणी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून जे शासन असेल ते निमूटपणे मानावे असा बोध करतो. ऐकणारा गोंधळून जातो. शासन कशाने उभे राहते, कशाने ढासळते आणि कोणत्या गुणाने ते शासन या नावाला पात्र ठरते, हे इस्राएलाच्या इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर या दोन्ही उताऱ्यांना त्यांचे योग्य स्थान देता येईल.

मिसरचा राजा मर्नेप्ताह याने इ. स. पूर्व १२०८ च्या सुमारास कोरविलेल्या विजयशिलेवर इस्राएलाचे नाव आढळते. ही शिला १८९६ मध्ये थेब्स येथे सापडली. तीत कनानातील नगरांच्या नावांपुढे देशाचे चिन्ह आहे, इस्राएलाच्या नावापुढे मात्र लोकसमूहाचे. शास्ते या ग्रंथातील चित्रही असेच आहे. लोक आहेत, पण राज्य नाही. सैन्य संकटापुरते जमते व संकट टळताच शेतावर परतते. कर नाही, राजधानी नाही. तथापि या स्थितीला अराजक म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. रूथच्या कथेत बवाज गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून जमिनीचा व विधवेचा प्रश्न त्यांच्या साक्षीने सोडवितो. राजा नसतानाही न्याय होता. मात्र तो ज्या त्या गावापुरता होता.

या काळात सत्ता मिळविण्याचे दोन यत्न दिसतात. विजयी गिदोनाला लोकांनी वंशपरंपरागत राज्य देऊ केले. त्याने ते नाकारले. त्याचा पुत्र अबीमलेख याने शखेमच्या देवळातील सत्तर शेकेल रुपे घेऊन रिकामटेकडी माणसे भाड्याने ठेविली, भावांची हत्या केली व स्वतःला राजा करविले. ती सत्ता तीन वर्षे टिकली, आणि ज्या शखेमकरांनी ती उभी केली त्यांच्याच नाशात तिचा शेवट झाला. भाडोत्री बळाने गादी मिळते, शासन उभे राहत नाही, हा इस्राएलाचा पहिला धडा होय.

मग पुढे राजा का मागण्यात आला? शास्त्र दोन कारणे देते. पहिले पलिष्ट्यांचे. अफेकजवळच्या लढाईत त्यांनी कराराचा कोश हिरावून नेला. इस्राएलात लोहार उरू दिला नव्हता, म्हणून नांगराचा फाळ व कुऱ्हाड यांना धार लावण्यासाठीही शेतकऱ्याला शत्रूच्या दारी जाऊन पैसे मोजावे लागत. दुसरे कारण घरचे. शमुवेलाचे पुत्र बैर-शेबा येथे न्याय करीत असता लाच घेऊ लागले. संरक्षण व निःपक्षपाती न्याय या दोन गरजांतून वडीलमंडळी रामा येथे आली. ती मागणी निव्वळ हट्टाची नव्हती. तिच्यातील पाप हे, की इतर राष्ट्रांप्रमाणे होण्याच्या हव्यासात देवाच्या प्रजेने आपले वेगळेपण सोडून दिले.

शमुवेलाने त्यांना दिलेल्या इशाऱ्यात ‘घेणे’ हे क्रियापद पुन्हापुन्हा येते. राजा मुलगे रथांसाठी घेईल. मुली सुगंधी द्रव्यांसाठी व स्वयंपाकासाठी घेईल. शेते, द्राक्षमळे, धान्याचा व कळपाचा दशमांश घेईल. आपल्या वाचनाची चूक अशी, की आपण येथेच ग्रंथ मिटतो. दहाव्या अध्यायाच्या पंचविसाव्या वचनाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मिस्पा येथे चिठ्ठ्या टाकून शौलाची निवड झाल्यावर शमुवेलाने राजपदाचे नियम लोकांना सांगितले, ते ग्रंथात लिहिले आणि तो ग्रंथ परमेश्वरासमोर ठेविला. राजा झाला त्याच दिवशी राजाची मर्यादाही लेखी झाली. अनुवाद ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात या मर्यादेचा आशय दिसतो. राजाने घोडे, स्त्रिया व सोनेरुपे यांचा संचय करू नये. नियमशास्त्राची प्रत स्वतःजवळ ठेवून ती नित्य वाचावी. आपल्या भाऊबंदांहून स्वतःला थोर समजू नये. या ग्रंथाची आजची रचना पुष्कळ अभ्यासकांच्या मते नंतरच्या काळातील, म्हणजे राजे अनुभवून झाल्यावरची आहे. तसे असेल तर त्या शब्दांना अनुभवाचेच वजन येते.

दाविदाच्या बाबतीत लोकांच्या संमतीचे स्थान अधिक स्पष्ट होते. हेब्रोन येथे प्रथम यहूदाच्या लोकांनी त्याला अभिषेक केला. साडेसात वर्षांनी इस्राएलाचे सर्व वडील तेथे आले, त्याने त्यांच्याशी परमेश्वरासमोर करार केला, आणि मग तो सर्वांचा राजा झाला. १९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या इ. स. पूर्व नवव्या शतकातील शिलालेखात दाविदाच्या घराण्याचा उल्लेख आहे. शेजारच्या राजांनाही ते राज्य याच नावाने परिचित होते. दाविदाच्या दरबारी सेनापती, अखबारनवीस, चिटणीस आणि वेठबिगारीवरचा अधिकारी दिसतात. शलमोनाने बारा नायब नेमले; प्रत्येकाने वर्षातून एक महिना राजगृहाला अन्न पुरवावयाचे. तीस हजार माणसे वेठीस धरून दहा दहा हजारांच्या पाळीने लबानोनात पाठविली. शासनाची सर्व अंगे आता पूर्ण झाली.

आणि तेव्हाच ते दुभंगले. इ. स. पूर्व ९३० च्या सुमारास रहबाम शखेमला आला. लोकांची मागणी एवढीच होती की जोखड हलके करावे. वृद्धांनी सेवक होण्याचा सल्ला दिला. राजाने तरुण सोबत्यांचे ऐकून जोखड अधिक जड करण्याची धमकी दिली. कोषागार होते, सैन्य होते, अधिकारी होते. तरी दहा वंश गेले. वेठबिगारीचा अधिकारी अदोराम याला लोकांनी धोंडमार करून ठार केले व राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१९ च्या एका व्याख्यानात राज्याची व्याख्या केली, तीत बळ वापरण्याच्या मक्तेदारीबरोबर त्या मक्तेदारीची वैधता लोकांनी मानणे हाही भाग आहे. शखेम येथे बळ शिल्लक होते, मान्यता संपली होती.

परंतु मान्यता तरी पुरेशी आहे काय? अहाबाच्या काळी शासन व्यवस्थित चालले होते. शोमरोन येथे १९१० मध्ये इ. स. पूर्व आठव्या शतकातील सुमारे शंभर लेखी खापऱ्या सापडल्या. त्यांवर कोणाकडून किती द्राक्षारस व तेल आले याच्या नोंदी आहेत. अशा सुव्यवस्थित राज्यातच पूर्वी नाबोथाचा मळा हिरावला गेला होता. पत्रांवर राजाची मुद्रा होती, उपास जाहीर झाला होता, नियमानुसार दोन साक्षीदार होते. न्यायाचे सर्व बाह्य रूप होते, फक्त न्याय नव्हता. एलीया मळ्यात जाऊन उभा राहिला तो राजपद रद्द करण्यासाठी नव्हे. राजालाही लागू असलेला नियम त्याला ऐकविण्यासाठी. पुढे यहोयादा याजकाने बालराजा योवाशाला गादीवर बसविले तेव्हा दोन करार केले : एक परमेश्वर, राजा व प्रजा यांच्यातला, दुसरा राजा व प्रजा यांच्यातला. शासनाच्या या दोन्ही बाजू एकत्र असाव्या लागतात.

आता रोमकरांस पत्राकडे वळू. हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास, नीरोच्या राज्यात लिहिले गेले. पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. सेवक म्हटले की त्याला धनी आला, नेमून दिलेले काम आले आणि हिशेबही आला. सात वर्षांनी रोम जळाले तेव्हा याच नीरोने तेथील ख्रिस्ती लोकांचा छळ केला. पौलाचे वचन त्यामुळे खोटे ठरत नाही. त्या वचनानेच नीरो दोषी ठरतो.

तेव्हा धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की शमुवेलाचा आठवा अध्याय वाचताना दहावाही वाचावा, आणि रोमकरांस तेरावा शिकविताना नाबोथाची कथाही सांगावी. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशातही राज्यकर्त्यांची मर्यादा लेखी आहे. ती वाचणे हे ख्रिस्ती नागरिकाला परके काम नाही. अधिकाऱ्यांसाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो. गावातील विधवेच्या शेताची नोंद लाच न देता व्हावी, हे मागणे त्या प्रार्थनेत असू द्यावे. आणि ती नोंद अडली असेल तर प्रार्थनेनंतर तिच्यासोबत कचेरीपर्यंत जाणेही आपल्या सेवेतच मोडते.