बॅजरच्या आधी गांडूळ
प्रस्तावना

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला एके सकाळी मागची हिरवळ जागोजागी उकरलेली दिसते. पहिला संशय कुत्र्यावर जातो, मग कोल्ह्यावर. उकरणारा असतो बॅजर. पाणमांजराच्या कुळातला, दहा-बारा किलोंचा, आखूड पायांचा, पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे मिरवणारा हा निशाचर हिरवळीखालच्या अळ्यांसाठी आलेला असतो. आपल्याकडचा शेतकरी ज्यांना हुमणी म्हणतो, त्याच जातकुळीच्या या अळ्या. बागेचं नुकसान झालं खरं, पण बॅजर-निरीक्षणाच्या विषयात शिरायचं दारही तिथेच उघडतं.

या अभ्यासाला मोठी साधनं कधीच लागली नाहीत. अर्नेस्ट नील शाळेत जीवशास्त्र शिकवत. संध्याकाळी ग्लॉस्टरशरच्या रानात बिळांपाशी बसायचं आणि दिसेल ते टिपायचं, एवढंच त्यांचं भांडवल. त्यातून 1948 साली ‘द बॅजर’ हे पुस्तक उभं राहिलं. बसण्याआधी वाऱ्याची दिशा मात्र पाहावी लागे. बॅजरची नजर अधू असली तरी नाक फार तिखट.

पुढे 1970च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांना ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात एक कोडं पडलं. हा प्राणी चरायला एकटा जातो, मग राहतो कुटुंबकबिल्यात का? उत्तर मातीत निघालं. तिथल्या बॅजरचं मुख्य अन्न गांडूळ, आणि गांडुळं वर येतात ती ओल्या, उबदार रात्री. आज या कुरणात, उद्या त्या झाडीत. वर्षभर पोट भरायचं तर असे बरेच तुकडे हद्दीत हवेत. एकदा तेवढी हद्द राखली, की तिच्यात एकाबरोबर चौघांचंही भागतं. हद्द शोधायची युक्ती गमतीची होती: शेंगदाणे आणि पाकात प्लॅस्टिकचे रंगीत कण मिसळून बिळापाशी ठेवायचे आणि ते कोणत्या शौचखड्ड्यात निघतात ते पाहायचं. असे खड्डे बॅजर हद्दीच्या कडेने खणतो.

आता आपल्या बागेकडे पाहा. कोरड्या उन्हाळ्यात गांडुळं खोल जातात, कुरणात काही मिळत नाही. तेव्हा पाणी घातलेली हिरवळ हाच भरला तुकडा. ‘आज तो का आला?’ याचं उत्तर म्हणूनच बहुधा पावसापाण्यात सापडतं. त्याला बोलवायला आपण टाकलेले शेंगदाणे मात्र ते उत्तर पुसून टाकतात.

बिळांना धक्का लावणं 1992च्या कायद्याने गुन्हा आहे. 2013पासून मात्र गुरांमधल्या क्षयाचा प्रसार रोखायला इंग्लंडमध्ये परवान्याने बॅजर मारलेही गेले. त्या वादात पडण्याआधी निदान एक ऋतू खिडकीशी बसावं. दिवा मंद, आवाज बंद, हाताशी वही. वहीत पहिला रकाना पावसाचा, दुसरा वाऱ्याचा, तिसरा टाकलेल्या दाण्यांचा, बॅजर चौथा. आणि तो आला नाही, त्या रात्रीचीही ओळ भरावी.